पावसातील मोटार-शर्यत : पदार्थविज्ञानाचा एक पाठ

शर्यत म्हटली की आमच्या तालुक्यातील वाचकांच्या डोळ्यांसमोर प्रथम उभी राहते ती बैलगाडा-शर्यत. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली ती बंद केली, २०२१ च्या डिसेंबरात महाराष्ट्रास ती पुन्हा भरविण्याची मोकळीक मिळाली आणि २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठाने तीस मान्यता दिली, हा इतिहास घरोघर ठाऊक आहे. या शर्यतीत बैल उतरविणारा शेतकरी एक गोष्ट कोणी न शिकविता जाणतो. पाऊस पडून काळी माती भिजली की धावण्याची जागा निरुपयोगी होते. बैल पाय रोवू पाहतो, पण पाय मागे सरकतो. चाकाच्या लोखंडी धावेला चिखल चढतो, आणि गाडा जिकडे ओढावा तिकडे न जाता भलतीकडेच घसरतो. मग मोटारींची शर्यत भर पावसात, आणि तीही मोकळ्या माळावर नव्हे तर एका मोठ्या शहराच्या रस्त्यांवर, होऊ शकेल काय? आणि झालीच, तर त्या गाड्या रस्त्यावर टिकून राहतात त्या कशाच्या बळावर? या प्रश्नाचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

अशी शर्यत अमेरिकेतील शिकागो शहरी २ जुलै २०२३ रोजी झाली. ती भरविणारी नॅस्कार ही संस्था १९४८ साली स्थापन झालेली. तिच्या शर्यती बहुधा अंडाकृती, उतरत्या कडांच्या, खास बांधलेल्या धावमार्गांवर होतात. गजबजलेल्या शहराच्या मध्यभागी, काटकोनात वळणाऱ्या रस्त्यांवर, आपल्या सर्वांत वरच्या श्रेणीची शर्यत तिने यापूर्वी कधी भरविली नव्हती. शिकागोत रविवारची सायंकाळ असते तेव्हा आपल्याकडे सोमवारची पहाट असते. म्हणून आम्ही ती शर्यत पुढे चित्रफितीच्या रूपाने वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांसह प्रयोगशाळेत पाहिली. जेथे जेथे गाडी घसरली तेथे तेथे चित्र थांबवून फळ्यावर आकृती काढली.

मार्ग सुमारे साडेतीन किलोमीटर लांबीचा, बारा वळणांचा. मिशिगन सरोवराच्या काठचा रस्ता, ग्रँट पार्क नावाचे विस्तीर्ण उद्यान आणि मिशिगन अ‍ॅव्हेन्यू हा राजमार्ग यांतून तो काढलेला होता. मिशिगन अ‍ॅव्हेन्यूवरून उत्तरेकडे येणाऱ्या गाड्या उजवीकडे वळत. त्या वळणाच्या थोडे पुढेच एक जुनी भव्य इमारत आहे, तिचे नाव आर्ट इन्स्टिट्यूट. सप्टेंबर १८९३ मध्ये याच इमारतीत सर्वधर्मपरिषद भरली होती. स्वामी विवेकानंदांचे व्याख्यान तेथेच झाले, आणि मुंबईच्या प्रार्थना समाजाचे नगरकर यांनीही त्या परिषदेत भाग घेतला होता. शर्यतीशी याचा संबंध नाही. परंतु परगावची चित्रफीत पाहताना ओळखीचे एखादे घर दिसावे, तसा आनंद आम्हांस झाला म्हणून लिहिले.

आता गाडीकडे वळू. या गाड्यांस 'स्टॉक कार' म्हणतात. स्टॉक म्हणजे दुकानात विक्रीस ठेवलेला माल. आरंभी कोणीही दुकानातून घेतलेली मोटार थेट शर्यतीत उतरवीत असे, त्यावरून हे नाव पडले. आजची गाडी केवळ रूपाने तशी. आतून ती शर्यतीसाठीच घडविलेली असते. चालकाविना तिचे वजन सुमारे १४५० किलोग्रॅम, आणि २०२३ साली यंत्राची शक्ती होती सुमारे ६७० अश्वशक्ती, म्हणजे आपल्याकडे ऊस ओढणाऱ्या साधारण ट्रॅक्टरच्या दहा-बारा पट. मौज अशी की तिला पुढील दिवे नसतात. जे दिसतात ती दिव्यांची चिकटविलेली चित्रे असतात. ही बाब वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचा उपयोग पडणार आहे.

कोरड्या दिवशी या गाड्यांना जे टायर लावतात ते अगदी गुळगुळीत असतात, त्यांवर एकही खाच नसते. आमच्या विद्यार्थ्यांना हे प्रथम उलटेच वाटले. झिजून गुळगुळीत झालेला टायर धोक्याचा, असे आपण घरी ऐकतो. मग शर्यतीत तोच कसा चालतो? उत्तर असे की रस्ता कोरडा असेल तर रबर जितके अधिक जमिनीस टेकेल तितके बरे. खाचा असतात त्या पकड वाढविण्यासाठी नव्हेत, तर पाणी बाजूस सारण्यासाठी. शेतात साचलेले पाणी काढून देण्यास आपण चर खणतो, तेच काम टायरवरील खाच करते. म्हणून पाऊस आला की गाड्या विसावा-जागी येतात आणि गुळगुळीत टायर काढून खाचांचे टायर चढवितात. त्यांचे रबरही अधिक मऊ असते. या संस्थेच्या वरच्या श्रेणीतील गुणांच्या शर्यतीत असे पावसाळी टायर प्रथम २०२० साली शार्लट येथे वापरले गेले. त्यापूर्वी पाऊस आला म्हणजे शर्यत थांबवून रस्ता वाळेपर्यंत वाट पाहत. अंडाकृती मार्गांवर बहुधा आजही तसेच करतात. तेव्हा शिकागोत जमलेल्या बहुतेक चालकांची हयात कोरड्या रस्त्यावर गेलेली होती.

आणि त्या दिवशी पाऊस केवढा! शहराच्या पश्चिम भागात काही ठिकाणी एका दिवसात आठ इंचांच्या आसपास पाणी पडले. आमच्या तालुक्यात वर्षभरात वीस इंचांच्या आसपास पाऊस होतो, त्यावरून वाचकांनी कल्पना करावी. तळघरे पाण्याने भरली, सखल रस्ते बुडाले. शर्यत दीड तासाच्या आसपास उशिरा सुरू झाली, तीही ओल्या रस्त्यावर, पावसाळी टायरांवर.

आता मुख्य मुद्दा. गाडी केवढीही मोठी असो, ती रस्त्यास टेकते फक्त चार ठिकाणी, आणि साध्या मोटारीच्या प्रत्येक चाकाखाली टेकलेला रबराचा तुकडा मोठ्या माणसाच्या तळहाताएवढाच असतो. चालक गाडी पळवितो, थांबवितो, वळवितो, हे सारे त्या चार तळहातांच्या घर्षणावर. यंत्राची अश्वशक्ती कितीही असली तरी त्या घर्षणाहून अधिक बळ रस्त्यापर्यंत पोचत नाही. उरलेले चाक जागच्या जागी फिरविण्यात वाया जाते. काळ्या रानात रुतलेला ट्रॅक्टर ज्याने पाहिला आहे त्यास हे निराळे सांगावयास नको.

घर्षणाचे माप घर्षणांकाने होते. साध्या मोटारीचा टायर आणि कोरडी डांबरी सडक यांचा घर्षणांक सुमारे ०.८ धरला, तर सडक भिजल्यावर तो ०.४ च्या आसपास उतरतो, आणि वर चिखलाचा पातळ लेप असेल तर ०.२ ही राहत नाही असे घडू शकते. याचा परिणाम गणिताने पाहू. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदास १६.७ मीटर. ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंत गाडी जितकी पुढे जाते ते अंतर काढण्यास वेगाच्या वर्गास घर्षणांक आणि गुरुत्वप्रवेग यांच्या गुणाकाराच्या दुपटीने भागावे. कोरड्या सडकेवर उत्तर येते सुमारे १८ मीटर. ओल्या सडकेवर ३५. आणि घर्षणांक ०.२ असेल तर ७१ मीटर. शिवाय संकट दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढ्यात १७ मीटर आधीच सरलेले असतात. या सूत्रात गाडीचे वजन कोठेही येत नाही, हे चतुर विद्यार्थ्याने हेरले असेल. जड गाडी रस्त्यास अधिक दाबते म्हणून घर्षणही अधिक मिळते, परंतु तिला थांबविण्यासही तितकेच अधिक बळ लागते. हिशेब फिटतो. 'आपली गाडी जड आहे, ती घसरणार नाही' असे जे म्हणतात त्यांस हे सूत्र दाखवावे.

वळणाचीही तीच कथा. वळताना गाडीस वर्तुळाच्या मध्याकडे ओढणारे बळ लागते आणि तेही त्याच घर्षणातून यावे लागते. १५ मीटर त्रिज्येचे वळण कोरड्यात ताशी ३९ किलोमीटर वेगाने घेता येत असेल, तर ओल्यात ताशी २८ ही त्याची सीमा. येथे एक सूक्ष्म गोष्ट आहे, आणि आमच्या मते सगळ्या पाठाचे मर्म तीत आहे. घर्षण हे घरातल्या एका कणगीतल्या धान्यासारखे आहे. त्यातून थांबविण्यासही काढावयाचे आणि वळविण्यासही. सरळ रेषेत ब्रेक लावताना सारे धान्य थांबविण्यास मिळते. वळणात ब्रेक दाबला तर दोन्हीकडून उपसा होतो, कणगी रिकामी होते आणि गाडी सुकाणूचे ऐकत नाही. ओल्या रस्त्यावर ती कणगी आधीच अर्धी असते.

चित्रफितीत हे पुन्हा पुन्हा दिसले. सहाव्या वळणापाशी काइल बुश या नामांकित चालकाची गाडी आरंभीच सरळ पुढे जाऊन टायरांच्या रचलेल्या कुंपणात नाक खुपसून बसली. सुकाणू वळलेले होते, पुढची चाके वळलेली दिसत होती, पण गाडी मात्र जडत्वाच्या नियमाने नाकासमोर चालली होती. न्यूटनचा पहिला नियम पाठ करून घेण्यासाठी आम्ही वर्षानुवर्षे जो खटाटोप करतो, तो त्या एका चित्राने हलका केला. नोआ ग्रॅगसन नावाचा चालकही असाच कुंपणात शिरला, आणि एकदाच नव्हे. पुढे अकराव्या वळणापाशी तर एक गाडी अडकताच मागून येणाऱ्या अनेक गाड्या तेथे तुंबल्या आणि रस्ता बंद झाला. आपल्या बाजारपेठेत एखादी उसाची ट्रॉली आडवी व्हावी, अगदी तसे.

रस्त्याचा पृष्ठभागही एकसारखा नव्हता. कोठे डांबर, कोठे सिमेंट, कोठे दुरुस्तीचे ठिगळ. शहराच्या रस्त्यावर असावयाचेच. डांबरावरून सिमेंटवर जाताना घर्षणांक बदलतो आणि तो बदल डोळ्यांस दिसत नाही. रंगविलेले पांढरे पट्टे आणि लोखंडी झाकणे ओली झाली की फारच निसरडी होतात. जेथून गाड्या नेहमी जातात तो पट्टा कोरड्यात उत्तम असतो, कारण तेथे रबर चोळले गेलेले असते. पाऊस पडताच तोच पट्टा गुळगुळीत ठरतो, म्हणून जाणता चालक थोडा बाहेरून, खडबडीत जागेवरून गाडी नेतो.

या साऱ्यात एक चालक निराळा दिसला. त्याचे नाव शेन व्हॅन गिसबर्गेन, राहणारा न्यूझीलंडचा. ऑस्ट्रेलियातील सुपरकार्स नावाच्या शर्यतमालेत तो तीन वेळा, २०१६, २०२१ आणि २०२२ साली, अजिंक्य ठरलेला होता. तेथील शर्यती शहरांच्या रस्त्यांवरही होतात आणि पावसातही चालतात. मात्र तेथे चालक गाडीत आपल्याकडच्याप्रमाणे उजवीकडे बसतो. येथे त्यास डावीकडे बसावे लागले. नॅस्कारच्या वरच्या श्रेणीत तो त्या दिवशी प्रथमच उतरत होता. त्याची गाडी चालताना पाहण्यात एक प्रकारचा शांतपणा होता. इतरांपेक्षा तो ब्रेक सरळ रेषेत, किंचित लवकर, हलक्या पायाने संपवितो आणि मगच वळतो, असे आम्हांस वारंवार वाटले. कणगीतले धान्य कोणत्या क्षणी किती उरले आहे याचा अंदाज त्याच्या हातापायांस होता.

मध्यंतरी पाऊस थांबला आणि रस्ता हळूहळू वाळू लागला. ही वेळ सर्वांत अवघड. पावसाळी टायरचे मऊ रबर कोरड्या रस्त्यावर तापून लवकर झिजते. गुळगुळीत टायर ओल्या जागी तरंगतो. केव्हा बदलावा? लवकर बदलला तर कुंपण, उशिरा बदलला तर मागे पडणे. इतक्यात अंधारही पडू लागला. गाड्यांना दिवे नाहीत हे वाचकांस स्मरत असेलच. शंभर फेऱ्यांची ठरलेली शर्यत पंच्याहत्तर फेऱ्यांतच संपणार असे जाहीर झाले. यामुळे ज्यांनी टायर आधीच बदलून घेतले नव्हते, किंवा ज्यांनी न थांबता पुढे राहणे पसंत केले होते, त्यांची गणिते एकदम उलटसुलट झाली. जस्टिन हेली पुढे गेला. व्हॅन गिसबर्गेन बराच मागे पडला. परंतु एकेक गाडी ओलांडीत तो वर आला, शेवटच्या काही फेऱ्यांत त्याने हेलीस गाठले आणि मागे टाकले. एका अपघातामुळे नियमानुसार फेऱ्या वाढून ७८ झाल्या, तरी त्याची आघाडी मोडली नाही. हेली दुसरा, चेस एलियट तिसरा. पहिल्याच प्रयत्नात वरच्या श्रेणीची शर्यत जिंकण्याचा प्रकार १९६३ सालच्या जॉनी रदरफर्डनंतर प्रथमच घडला. पुढच्या वर्षी, ७ जुलै २०२४ रोजी, तेथे पुन्हा पाऊस आला, आणि या वेळी दुसऱ्याची घसरलेली गाडी येऊन आदळल्याने हाच चालक बाद झाला. अ‍ॅलेक्स बोमन जिंकला. ओल्या रस्त्यावर स्वतःचे घर्षण सांभाळून भागत नाही, शेजाऱ्याचेही शिल्लक असावे लागते.

आपल्या देशातही या प्रकारास आरंभ झाला आहे. चेन्नई येथे समुद्राजवळच्या रस्त्यांवर साडेतीन किलोमीटरचा मार्ग आखून डिसेंबर २०२३ मध्ये शर्यत व्हावयाची होती. मिचाँग चक्रीवादळाने शहर पाण्याखाली गेल्यामुळे ती पुढे ढकलली आणि २०२४ च्या ऑगस्टअखेर, रात्रीच्या वेळी, झाली.

पाण्याचा आणखी एक खेळ सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. रस्त्यावर पाणी साचलेले असेल आणि वेग फार असेल, तर टायरला ते पाणी बाजूस सारण्यास वेळच मिळत नाही. टायरपुढे पाण्याची पाचर शिरते आणि चाक रस्ता सोडून पाण्यावर चढते. मग ब्रेक, सुकाणू, सारे व्यर्थ. विमानांच्या चाकांवर प्रयोग करून शास्त्रज्ञांनी याचा एक नियम काढला आहे: हा वेग टायरमधील हवेच्या दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. साध्या मोटारीच्या टायरमध्ये हवा ३० पौंड असेल आणि टायर झिजलेला असेल, तर सुमारे ताशी ९० किलोमीटरला ही स्थिती येते. हवा कमी असेल तर त्याहून आधी. टायरमधील हवा तपासून घ्या असे पालक सांगतात त्यामागे पावसाळ्यात इतके शास्त्र आहे.

आता शिकागो सोडून घराकडे येऊ. श्रीरामपूरच्या भोवतीची जमीन काळी, प्रवरेच्या कालव्यांवर भिजणारी, उसाची. गाळपाचा हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि टायरच्या बैलगाड्या रानातून निघून सडकेवर चढतात. त्यांच्या चाकांना चिकटलेली माती सडकेवर गळते, वाळते आणि तिची धूळ होते. कोरडी असेपर्यंत ती केवळ डोळ्यांत जाते. परंतु त्याच हंगामात एखादी अवकाळी सर आली, तर पहिल्या काही मिनिटांत त्या धुळीचा आणि गाड्यांतून गळलेल्या तेलाचा मिळून साबणासारखा लेप होतो. जोराचा पाऊस बराच वेळ पडला तर तो लेप धुऊन तरी जातो. झिमझिम पाऊस तो केवळ भिजवितो. म्हणून मोठ्या पावसापेक्षा ही पहिली शिंतोड्यांची सर अधिक घातक असते. वर ज्या ठिकाणी घर्षणांक ०.२ म्हटला ते ठिकाण दूर नाही. बाभळेश्वरकडे जाणाऱ्या सडकेवर, शेतातून वाट वर चढते त्या प्रत्येक तोंडाशी ते असू शकते. आणि आमचे कितीतरी विद्यार्थी सायकलीवरून, काही वडिलांच्या मोटारसायकलीवर मागे बसून, त्याच सडकेने शाळेत येतात. दुचाकीस तळहात चार नव्हे, दोनच. आणि तेही अरुंद. मोटार घसरली तर ती फिरते, दुचाकी घसरली तर ती पडते. शिकागोत घसरणाऱ्यासमोर टायरांचे कुंपण होते, अंगावर अग्निरोधक पोशाख होता, डोक्यास शिरस्त्राण होते. आमच्या सडकेवर समोर उसाची ट्रॉली असते, आणि तिच्या मागे पुष्कळदा लाल दिवाही नसतो.

प्रेक्षकांविषयीही दोन शब्द. मुख्य शर्यतीच्या आदल्या दिवशी, १ जुलैस, दुसऱ्या श्रेणीची ५५ फेऱ्यांची शर्यत चालू होती. २५ फेऱ्या झाल्या आणि विजा जवळ आल्यामुळे ती थांबविण्यात आली. दुसऱ्या दिवशीही पाऊस न थांबल्याने ती तेवढ्यावरच संपवून कोल कस्टर यास विजयी ठरविले. निम्म्या फेऱ्याही झाल्या नव्हत्या, म्हणून कित्येक प्रेक्षक नाराज झाले. आमच्या मते निर्णय योग्य होता. आठ मैलांच्या आत वीज पडली की शर्यत थांबवावयाची आणि शेवटच्या विजेनंतर तीस मिनिटे थांबावयाचे, असा त्यांचा नियम आहे. घसरणारी गाडी कुंपण अडविते. वीज कोणते कुंपण अडविणार? ध्वनी तीन सेकंदांत सुमारे एक किलोमीटर जातो. तेव्हा वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावे आणि तिनाने भागावे. वीज किती किलोमीटरांवर पडली ते कळते. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर रानात काम करणाऱ्यांनी आणि गुरे राखणाऱ्या मुलांनी पक्क्या घरात जावे. झाडाखाली मात्र उभे राहू नये.

शेवटी एक प्रयोग. विद्यार्थ्यांनी तो घरी किंवा शाळेत करून पाहावा. सायकलीच्या जुन्या टायरचा वीतभर तुकडा एका लाकडी फळीच्या खालच्या अंगास खिळ्यांनी पक्का बसवावा. खिळ्यांची डोकी रबरात बुडालेली असावीत. फळीवर एक वीट ठेवून सर्वांचे मिळून वजन ताणकाट्याने करावे. मग ताणकाटा फळीच्या पुढच्या टोकास अडकवून फरशीवर आडवा, सावकाश ओढावा आणि फळी सरकू लागते त्या क्षणी काटा किती दाखवितो ते टिपावे. ओढ भागिले वजन, हा घर्षणांक. प्रथम कोरड्या फरशीवर, मग ओल्या फरशीवर, आणि मग काळ्या मातीचे पातळ गारे पसरून, असे तीनदा करावे, आणि प्रत्येक वेळी पाच नोंदी घेऊन सरासरी काढावी. मग फळीवर एकाऐवजी दोन विटा ठेवून पाहावे. वजन दुप्पट झाल्यावर ओढ दुप्पट होते की नाही, आणि घर्षणांक बदलतो की तोच राहतो, हे वहीत लिहून आपल्या विज्ञानशिक्षकांस दाखवावे.